अनधिकृत हात

मी आयुष्यात शेकडो कुलपं फोडली आणि त्यातलं एकही लोखंडाचं नव्हतं. नव्व्याण्णव साली मिरजेत स्टेशन रोडला मी 'मगदूम कॉम्प्युटर्स' थाटलं, तेव्हा दुकानात मशीन होती आठ आणि गेमची सीडी एक. ती सीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय गेम सुरू होणार नाही, असा कंपनीचा हट्ट. गेम आपण विकत घेतलेला, मशीन आपलं, वीज आपली, आणि तरी दर वेळी कंपनीला सीडी दाखवून 'येऊ का आत?' विचारायचं. माझं डोकं फिरायचं.

त्याच्याही आधी पुस्तिका असायच्या. गेम मध्येच थांबून विचारायचा, पान चौदा, ओळ तिसरी, शब्द दुसरा. पुस्तिका उंदरानं खाल्ली की गेम मेला. पुढे मशीनच्या मागे खोचायचं खुंटीएवढं यंत्र आलं, मग पंचवीस अक्षरांचा क्रमांक आला, मग चोवीस तास इंटरनेट हवं म्हणून आग्रह. घरात एकट्यानं खेळायचा गेम, पण केबल तुटली की तो बंद. ह्यातलं प्रत्येक कुलूप मी फोडलं, किंवा कुणीतरी फोडलेलं मिळवलं. चोरी होती का? होती. मी काही साधू नव्हतो. पण इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. फोडलेला गेम खेळणारे मजेत असायचे आणि कुलपाशी झटापट करत बसायचे ते रीतसर विकत घेणारे.

माझी बायको त्रिशला त्या दुसऱ्या जातीची. कन्याशाळेत ती एकोणीस वर्षं भूगोल शिकवत होती.

"मुलींना परीक्षेत कॉपी करू नका म्हणून ओरडायचं आणि घरी येऊन फोडलेला गेम लावायचा, हे मला जमणार नाही," असं म्हणून तिनं प्रत्येक गेम पावतीसकट घेतला. त्यातलाच एक नदीकाठी गाव वसवायचा होता. बारा वर्षांपूर्वी तिनं तो सुरू केला आणि मग दुसरा कुठला गेम उघडलाच नाही.

तिच्या गावाचं नाव वळणबंदर. नदी जिथं वळण घेते तिथं गाळ कुठल्या काठाला साचतो आणि धूप कुठल्या काठाची होते, हे बघून तिनं घाट बांधला होता. गावात माणसं राहायला आली की गेम त्यांना नावं द्यायला सांगायचा. तिनं आपल्या वर्गातल्या मुलींची नावं दिली. एकोणीस वर्षांचे दहावीचे वर्ग, सगळ्या हजेऱ्या. धक्क्याजवळ शबाना मुजावर, कारण ती पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली होती. टेकडीवर अनघा कित्तुरे, कारण तिला दम्याचा त्रास आणि वरची हवा चांगली. मी चहा घेऊन गेलो की ती मला गल्लीगल्लीतून फिरवायची आणि कोण कुठल्या गावाला दिली, कोण नर्स झाली, सगळं सांगायची. मला खरं तर कंटाळा यायचा.

सहा वर्षांपूर्वी त्या गेममध्ये 'हस्तमुद्रा' आली.

कल्पना साधी होती, आणि मान्य करतो, हुशारीची. आपला हात स्थिर धरला तरी तो स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा तो बारीक थरथरत असतो, डोळ्यांना दिसत नाही एवढाच. माउस एखाद्या घरावर न्यायचा तर कुणी जरा पुढे जाऊन मागे येतं, कुणी आधीच थांबून हळूच सरकतं. दोन क्लिकमधलं अंतर, वळताना मंदावणारा वेग, ह्या सगळ्याची मिळून प्रत्येकाची एक चाल बनते, आणि ती दोन माणसांची सारखी नसते. हस्तमुद्रा ती चाल ओळखायची आणि त्या चालीतूनच किल्ली बनवायची. साठवलेला खेळ त्या किल्लीनं बंद. किल्ली कुठं लिहून ठेवलेली नाही, कंपनीकडेही नाही. ती फक्त तुमच्या हातात, अक्षरशः.

वय वाढतं तसा हात बदलतो, हेही त्यांनी धरलं होतं. म्हणून चालीचा हा ठसा सरकता ठेवला. रोज तुम्ही खेळलात की आजच्या चालीप्रमाणे तो केसभर सरकायचा. चाल जुळली की मशीन नावानं नमस्कार करायचं, एकदम बदल दिसला तर मात्र दार बंद. तीनदा चुकलं की तीन दिवस दार बंद.

हस्तमुद्रा आली त्या दिवशी पडद्यावर भलंमोठं करारपत्र आलं होतं. त्रिशला चष्मा शोधत होती. मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात? सगळ्यांचं एकच असतं," आणि तिच्या हातातून माउस घेऊन 'मान्य' दाबलं. इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो. दुकानात दिवसाला पन्नास चौकटी यायच्या, वाचत कोण बसणार?

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी भाजी चिरताना, मग सही करताना. त्याच्या मागोमाग विसर आला. डॉक्टर किट्टूर म्हणाले, हा दोन्ही बरोबर घेऊन येणारा आजार आहे, आणि ह्यात दिवस सारखे नसतात. काही दिवस ढगाळ जातील, काही दिवस लख्ख. ढगाळ दिवशी ती कपाट उघडून उभी राहायची आणि कशासाठी उघडलं ते तिला आठवायचं नाही. आमच्या मुलीचं नाव दोनदा विसरली.

पण वळणबंदरात ती विसरायची नाही. माउस हातात आला की घाटावरून डावीकडे, मग विहिरीला वळसा, आणि तिथं पोचताच ती म्हणायची, "ही शबाना. हिच्या आईनं मला ज्वारीची भाकरी करायला शिकवली." मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते पुढे सरकून बसले.

"मगदूम, डोक्यात साठवलेलं आधी जातं. हातानं पाठ झालेल्या वाटा मागं राहतात. त्या वाटेनं तिला रोज जाऊ द्या. माझ्या गोळ्यांपेक्षा ते जास्त करेल. एक दिवस चुकवू नका."

म्हणजे जी चाल ते कुलूप मोजत होतं, तीच चाल तिच्या आठवणी धरून होती. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दार पहिल्यांदा बंद झालं. पडद्यावर लाल पट्टी आली, 'चाल जुळत नाही'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा हात जास्तच थरथरला. मग तीन दिवस गाव बंद. त्या तीन दिवसांत ती पाच वेळा शाळेत जायला निघाली. चौथ्या दिवशी पुन्हा चुकलं आणि दार परत बंद झालं.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. निनाद नावाचा मुलगा होता, बोलायला गोड.

"काका, पुनर्नोंदणी करता येते. हॉस्पिटलचा दाखला अपलोड करा आणि त्यानंतर धारकानं एकदा जुन्या चालीनं आत यायचं."

"जुन्या चालीनं येता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

"बरोबर आहे तुमचं, पण सिस्टीम दुसरं काही स्वीकारत नाही. मी तक्रार वर पाठवतो."

"तुम्ही तुमच्याकडून उघडून द्या की."

"आमच्याकडे किल्ली नसते, काका. तीच तर सुरक्षितता आहे."

एवढ्या आयुष्यात मला न फुटलेलं हे पहिलं कुलूप. जुन्या ओळखी काढल्या, जिथं विचारायचं तिथं विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, त्यात फोडण्यासारखं काही नाही, किल्ली माणसात आहे.

मग मला गिरवणं आठवलं. लहान मुलाला पहिलं अक्षर शिकवताना आपण त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवतो आणि पाटीवर फिरवतो. मुलाला वाटतं, आपणच लिहिलं. मी त्रिशलाच्या मागे खुर्ची ओढली, तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि हलका दाब दिला. कंप माझ्या तळव्यात जिरला. तिचा हात सवयीच्या वाटेनं निघाला, मी फक्त सावरत होतो. पट्टी पिवळी झाली, म्हणजे अर्धवट जुळली, क्षणभर तशीच राहिली, मग हिरवी झाली आणि दार उघडलं.

मला इतका आनंद झाला की मी चक्क शिट्टी वाजवली. म्हातारपणी पुन्हा एक कुलूप फोडलं होतं. त्रिशलानं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "चोर ते चोरच तुम्ही," ती म्हणाली.

त्यानंतर हा आमचा रिवाज झाला. आम्ही जैन, सूर्यास्ताच्या आत जेवून घेणारी माणसं. चार वाजता बसायचं, साडेपाचला उठून पानं घ्यायची. हिवाळाभर एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला तिचा हात पुढे आणि माझा मागे असायचा. पण ढगाळ दिवशी ती मध्येच थांबायची, पट्टी पिवळी व्हायची. मग मी जरा पुढे व्हायला लागलो. मी नेलं की दार पटकन उघडायचं. जितका जास्त मी नेई, तितकं जास्त पटकन. ह्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. रोज शेवटी एक चौकट यायची, खाली 'ठीक आहे' असं बटण असायचं. मी ते दाबायचो. त्या चौकटीत काय लिहिलं होतं, ते मी एप्रिलपर्यंत वाचलं नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि तिला लागोपाठ चार दिवस लख्ख मिळाले. कंप जवळजवळ गेला. चौथ्या दिवशी दुपारी मी गिरणीत दळण आणायला गेलो होतो. परत आलो तर ती मशीनसमोर एकटी बसली होती, पाठ ताठ, शाळेत असायची तशी. पडदा लाल होता. मशीन शांत आवाजात, शुद्ध मराठीत सांगत होतं, "हा हात त्रिशला मगदूम यांचा नाही. कृपया त्रिशला मगदूम यांनी हात ठेवावा."

"शबानाचा फोन आला होता," त्रिशला म्हणाली. "ओळखलं मी तिला. तिला म्हटलं, थांब, तुझं घर दाखवते तुला, फोटो पाठवते. आणि हे बघा काय म्हणतंय."

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणालो. पिठाचा डबा खाली ठेवला आणि सवयीनं माउसला हात लावला. नुसता हलवला. पट्टी पिवळीसुद्धा झाली नाही, थेट हिरवी झाली.

"नमस्कार, त्रिशला," मशीन म्हणालं. वळणबंदर उघडलं.

ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे. तिच्या लख्ख दिवशी तिच्यापासून काही लपवणं शक्य नव्हतं, एकोणीस वर्षं चाळीस-चाळीस मुलींवर एकाच वेळी लक्ष ठेवलेली बाई ती.

"म्हणजे ते मला ओळखत नाही. तुम्हाला ओळखतं."

"त्रिशला, मी फक्त मदत..."

"मदत करताना हात कुणाचा चाललाय हे बघायला नको होतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला एकदा विचारायचंत. मला वाटत होतं, मीच चालतेय."

मी तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो पदराखाली घेतला.

संध्याकाळी मी ती चौकट शोधून वाचली. 'आजच्या चालीनुसार आपला ठसा अद्ययावत केला आहे. ही चाल आपली नसल्यास येथे कळवा.' खाली दोन बटणं होती. एकशे त्रेपन्न दिवस मी त्यातलं एकच दाबत आलो होतो. कंपनीनं मला रोज विचारलं होतं, आणि रोज मी 'ठीक आहे' म्हटलं होतं. शिव्या कुणाला घालायच्या?

निनादला फोन लावला. ह्या वेळी काही लपवलं नाही.

"मागचा ठसा परत आणता येत नाही का रे?"

"मागचे ठसे ठेवत नाही आम्ही, काका. चोरीला जाऊ नयेत म्हणून. आता ठसा तुमचाच आहे." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "नियमाप्रमाणे मी हे नोंदवायला पाहिजे. नोंदवलं तर परवाना रद्द होईल आणि गाव पुसलं जाईल. मी 'अडचण सुटली' असं लिहून कॉल बंद करतो. दुसरं काही माझ्या हातात नाही. काकूंची काळजी घ्या."

ज्या वाटेनं ठसा माझ्याकडे सरकला त्याच वाटेनं तो परत तिच्याकडे सरकवायचा, असं मी ठरवलं. रोज माझा दाब थोडा कमी करायचा, तिचा हात थोडा पुढे येऊ द्यायचा. त्रिशलानं हात द्यायला दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी दिला, पण माझ्याकडे न बघता. मी वहीत रोजचा दाब लिहीत होतो, माझ्यापुरत्या खुणांनी. दहाव्या दिवशी वाटलं, जमतंय. बाराव्या दिवशी ढग आले, तिचा हात खाटकन दुसरीकडे गेला, तीन दिवस दार बंद. पुन्हा पहिल्यापासून. ठसा दिवसाला केसभर सरकतो आणि तिचा हात दिवसाला बोटभर बदलत होता. माझा हात मात्र तसाच, ठणठणीत. मला माझ्या हाताचा राग यायला लागला. मे संपता संपता सातव्यांदा दार बंद झालं, तेव्हा ती म्हणाली, "पुरे आता. तुम्हीच चालवा. मी बसते शेजारी."

त्या उन्हाळ्यात ती जिना उतरताना कठडा धरायची, माझा हात नाही.

तर आता मी चालवतो. रोज चार वाजता. पण मला वाटा कुठं माहीत आहेत? पाच महिने तिच्या हातावर हात ठेवून फिरलो आणि माझं सगळं लक्ष पट्टीच्या रंगाकडे. ती विहिरीला वळसा घालून शबानाकडे जायची. मी सरळ रस्त्यानं जातो, कारण तो जवळचा आहे. घर तेच येतं, दारावर नाव तेच असतं, आणि त्रिशला ते नाव मोठ्यानं वाचते. परक्या गावातली पाटी वाचावी तसं. पुढे काही सुचत नाही तिला. मी विचारतो, "शबानाच्या आईनं तुला काय शिकवलं होतं?" ती माझ्याकडे मदतीसाठी बघते. मग मी वळसा घालून बघितला, उजवीकडून, डावीकडून. माझ्या हाताचं वळण वेगळं पडतं. ज्या ठिकाणी ती जरा रेंगाळायची तिथं मी रेंगाळत नाही, आणि कुठं रेंगाळायचं ते तिला सांगता येत नाही. गाव शाबूत आहे, साडेसातशे मुली आपापल्या घरात आहेत, आणि त्यांना ओळखणारं आता कुणी नाही. हे मी केलं.

लख्ख दिवस आता महिन्यातून एखादाच येतो. डॉक्टर किट्टूर फार बोलत नाहीत. मीही त्यांना सगळं सांगितलेलं नाही.

परवा आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, आणि तिचंही. चार वाजता मी तिला खुर्चीत बसवलं, शाल दिली आणि माउसवर हात ठेवला.

"नमस्कार, त्रिशला," मशीन म्हणालं.

ती माझ्याकडे वळली. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे इतक्या आपुलकीनं बघितलं, की मला वाटलं, आज काहीतरी उघडलं.

"त्रिशला होय तुझं नाव? छान आहे," ती म्हणाली. "गाव तूच वसवलंस सगळं?"

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, एप्रिलनंतर पहिल्यांदा.

"हुशार आहेस. आमच्या ह्यांना दाखवायला पाहिजे. त्यांना कॉम्प्युटरचं सगळं कळतं, कुठलंही कुलूप असू दे, उघडतात." ती दाराकडे बघून थांबली. "उशीर झाला वाटतं त्यांना. दिवस मावळायच्या आत जेवायला लागतं आम्हाला. येतील ना गं ते?"

"येतील," मी म्हणालो, आणि तिला घाटावरून टेकडीकडे न्यायला लागलो.